पाय उचलायला लागणारा वेळ

माझ्या थोरल्या भावाचा रॉक बँड होता. गोंदियात असं सांगितलं की समोरचा विचारायचा, "बँड? मतलब बारात वाला?" वरातीतला नव्हता. भाऊ गिटार वाजवायचा आणि गायचा. बेस गिटार त्याच्या मित्राकडे होती. या मित्राचं आमगावात विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. ड्रमवर रेल्वेत नोकरी करणारा एक हिंदी भाषक गडी. तिघे कॉलेजपासून एकत्र होते. १९९९ मध्ये नागपुरात त्यांची कॅसेट झाली. गाणी हिंदी, चाली स्वतःच्या, आवाज मोठा. मी तेव्हा एका दैनिकाची नवी वार्ताहर होते. रॉक बँडची कॅसेट आली, अशी बातमी मी पाठवली. छापून आली ती "स्थानिक वाद्यवृंदाचे सुयश" या मथळ्याखाली. तरी भावाने ते कात्रण अ‍ॅम्प्लिफायरला चिकटवलं.

पुढच्या दहा-बारा वर्षांत डीजे आले आणि बँडला बोलावणारे कमी झाले. तिघांचेही केस पिकले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, तेवढी बोलावणी यायची. अशाच एका मंडईत, दवनीवाड्याला, दुपारचा कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारा मंचाजवळ आला.

"मस्त वाजवता भाऊ तुमी. पन हे तं टीव्हीवर बी आयकतो. आपलं काई आहे का?"

भाऊ म्हणाला, "नाई बाबा."

"मंग एवढ्या दूर कायले आले?" म्हाताऱ्याने विचारलं, आणि तो जिलेबीच्या दुकानाकडे गेला.

आठवड्याने भावाने दोघांना सांगितलं की आता एकच सीडी करायची, धानाच्या रोवणीच्या गाण्यांची. गाणार आमची आई.

रोवणीत बाया बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलभरल्या खाचरात, एका रांगेत वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावतात आणि मागे मागे सरकतात. पहिली ओळ एकीने म्हणायची, दुसरी बाकीच्यांनी उचलायची. आमच्या गावात ती पहिली ओळ कितीतरी वर्षं आईची होती. भावाच्या गिटारीला ती "करंट लावलेलं" म्हणायची. सराव चुकू नये म्हणून तो ऐन रोवणीत घरातून पळायचा, ते ती विसरली नव्हती. त्याच्या एकाही कार्यक्रमाला ती गेली नव्हती. त्याने कधी विचारलं नाही, तिने कधी कारण सांगितलं नाही. त्यामुळे तो तिला गायला सांगायला आला तेव्हा मी मुद्दाम घरी थांबले.

आई तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "गाईन. पन बांधीत वाजवून पाहू. बायाईचे हात त्याच्यावर चालले तं ठेव. नाई चालले तं माहा आवाज काढून टाक."

भावाने कबूल केलं. तो शब्द मोडणारा नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

ध्वनिमुद्रण उन्हाळ्यात झालं, बेसवाल्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. भिंतींना गाद्या टेकवल्या. आवाज येतो म्हणून पंखा बंद. बँडच्या तिघांच्या कानात ताल धरायला संगणकाची टिकटिक. तिच्यावरून एक पाऊलही इकडेतिकडे व्हायचं नाही, अशी त्यांची जुनी शिस्त होती. आई खुर्चीवर बसून गायली. प्रत्येक ओळीनंतर ती थांबत होती. तिघांना वाटलं, वय झालं, दम लागतो. त्यांनी ते थांबे संगणकावर कापले, ओळी जवळ आणल्या, आणि जिथे कापता आलं नाही तिथे ड्रमचा तुकडा भरला. काम त्यांनी प्रेमाने केलं होतं. मलाही ते आवडलं. शाळेमुळे रोवणीतून सुटलेली मुलगी मी, मला वेगळं काही कळायचं कारण नव्हतं.

आषाढात ट्रॅक्टर धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लावून त्याच्या स्पीकरवर गाणं सुरू केलं. आई धुऱ्यावर खुर्ची टाकून बसली. बांधीत पंधरा-वीस बाया. पहिली ओळ नीट गेली. दुसरीला रांग वाकडी झाली. तिसरीला एकीचा कोपर दुसरीला लागला आणि दोघी चिखलात बसल्या.

"काऊन पळून राहिलं जी हे गाणं? मांगे कुत्रं लागलं का त्याच्या?" एकीने ओरडून विचारलं, आणि सगळ्या बांधीत हसू फुटलं.

आई हसली नाही. भावाकडे वळून एवढंच म्हणाली, "मंग पाय कवा उचलावा?"

आम्हाला तेव्हा कळलं. ओळ म्हणताना हात चालतात, ओळ संपली की पाय चिखलातून काढून मागे ठेवायचा. कापलेल्या जागा पायांच्या होत्या.

भाऊ ट्रॅक्टरवर चढला आणि त्याने गाणं बंद केलं. ड्रमरने मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो बांधीत उतरला. दुसऱ्याच पावलाला त्याचा पाय रुतला.

"ओ रेल्वेवाले, गाडी फसली का?"

"सिग्नल नहीं मिला, मौसी," तो म्हणाला. बायांनी त्याला रांगेत घेतलं. दुपारपर्यंत त्याने लावलेले पऱ्हे त्याच्यामागून एक बाई मुकाट्याने उपटून पुन्हा लावत होती. वर आल्यावर त्याने दोघा मित्रांना सांगितलं, की तो थांबा मोजता येत नाही. चिखल खोल असेल तर मोठा होतो. सगळ्यात मागे राहिलेल्या बाईचा पाय निघेपर्यंत पुढची ओळ कोणी उचलत नाही. "उसका कोई काउंट ही नहीं है. बस देखना पड़ता है."

रोवणी आठ-दहा दिवसांत आटोपणार होती. त्यानंतर दाखवायला बांधी उरली नसती, आणि आईला पुढच्या वर्षापर्यंत थांबवायची भावाची तयारी नव्हती. दोन दिवसांनी ते पुन्हा त्याच खोलीत जमले. टिकटिक बंद. आई या वेळी उभी राहिली, खुर्चीची पाठ धरून, आणि गाताना ओळीमागून ओळ एकेक पाऊल मागे गेली. ड्रमर काठ्या हातात धरून तिच्या पायांकडे बघत होता. तिचा उजवा गुडघा गेलेला होता. तो पाय उचलायला वेळ लागे. तोवर गिटार, बेस, ड्रम, तिन्ही गप्प. मी दाराशी उभी होते. या तिघांना एवढं गप्प मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

गावात शेवटची बांधी उरली होती. ट्रॅक्टर लागला, आई पुन्हा धुऱ्यावर बसली, गाणं सुरू झालं. भाऊ या वेळी धुऱ्यावर आला नाही; ट्रॅक्टरच्या पलीकडे पाठ करून उभा राहिला. हात चालले. रांग सरळ राहिली. मग एका थांब्याला तरुण सुना पाय काढून मोकळ्या झाल्या आणि पुढची ओळ येईना. हातात पऱ्हे घेऊन सगळ्या उभ्या. आई खोलीत पाऊल टाकत गायली, हे बायांना ठाऊक होतं. एक सून वर आईकडे बघून म्हणाली, "काय जी माय, तुमचा पाय लय हळू निघते!"

"तं थांबा," आई म्हणाली. "आमी नाई थांबलो का तुमच्या सासवांसाठी?"

त्या थांबल्या. ओळ आली, हात पुन्हा चालू झाले. बांधीचा अर्धा भाग हिरवा झाल्यावर आईने भावाला हाक मारली. तो ट्रॅक्टरला वळसा घालून आला.

"टाक आता सीडीत," ती म्हणाली. "आन मंडईत कवा वाजवता, मले सांग. खुर्ची मात्र सामोर ठेव."