काळ्या गाळातला ओढा

म्हसवडच्या अलीकडं माळावर दगडाबाईची विहीर आहे. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात ती आम्ही खोदली. माझ्या जोडीला बिराप्पा. जतकडचा. निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं, मग खोदाईला आला. घाव सरळ घालायचा. दमला की बसायचा. दमल्याचं सोंग त्याला खपत नसे. तसा जोडीदार पुन्हा मिळाला नाही.

मुरूम संपून काळा, ओला गाळ लागला. ओल दिसताच वरच्यांनी घाईनं नारळ फोडला, गूळ वाटला. आमच्याकडं एका विहिरीला एकच नारळ. पण दुसऱ्या दिवशीही तांब्या बुडेल एवढं पाणी साचलं नाही.

"नारळ गाळानं खाल्ला रं!" शेजारचा धुळा वरून ओरडला.

दगडाबाई एकटी. मुलगा मुंबईला गिरणीत. पाणी नसेल तर मेंढरं विकून इकडं ये, असा त्याचा निरोप होता. ती काठाशी येऊन म्हणाली, "बिराप्पा, खरं सांग. मेंढरं बाजारात न्यू का?"

"जरा दम धर, आक्का."

त्यानं गाळाचं ढेकूळ चुलीत टाकलं. धुराला जळक्या पाल्याचा वास आला. "ही रानातली माती न्हवं. जुन्या तळ्याचा गाळ हाय."

मग खाली उतरून तो सगळीकडून गाळ सोलत गेला. एका बाजूला गाळ लोण्यासारखा, त्यात पानं सपाट निजलेली. एक पान तांबूस निघालं, शिरा दिसत होत्या. माझ्या तळहातावर बघता बघता काळं पडलं.

"हितं पानी गप हुतं," तो म्हणाला. पलीकडं लव्हाळ्याची मुळं अजून उभी होती. "ह्यो काठ." मावळतीला गाळ फिका, रेताड, त्यात मोडक्या काटक्या. तिथं त्यानं हात ठेवला. "मेंढरं पाजताना लय तळी बघितली. वढा शिरतो तितं रेती पडती. गाळ पानी सोडत न्हाई, रेती सोडती. आडवं चल."

"आन् न्हाई लागलं तर?" मी विचारलं.

"तर मेंढरं बाजारात मी हाकून नेईन. आक्काला जाऊ देनार न्हाई."

आडवं खोदणं म्हणजे कुशीवर पडून टिकाव मारणं. गाळ टिकावाला चिकटे, तो हातानं निपटावा लागे. बाभळीचा टेकू दिल्याशिवाय बिराप्पा पुढं सरकू देत नसे. एक टेकू मी सैल बसवला, तर तो त्यानं काढायला लावला. मग टिकाव रेतीत शिरला आणि मनगटावरून गार पाणी वाहिलं.

सकाळी घागर बुडाली.

"दुसरा नारळ आनू का?" धुळानं विचारलं.

"फुटलाय की एक," बिराप्पा म्हणाला. "पोचायला येळ लागला, एवढंच."

दगडाबाईनं पहिली घागर सिद्धनाथाला नेली. दुसरी दगडी डोणीत ओतली. पाण्याला जुन्या पाल्याचा वास होता. मेंढरांनी हुंगलं, थोडी बिचकली, आणि मग माना घालून प्यायला लागली.