कंपनीचाच सायलेन्सर

ती घटना अजून डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या, तेवढंच. माझी निवृत्ती तोंडावर आली होती आणि खरं सांगायचं तर मी दमलो होतो. खराडीच्या हद्दीत रोजचे अपघात, रोजचे पंचनामे, आणि पंच म्हणून कुणी उभं राहावं यासाठी रोजच्या विनवण्या.

सकाळी कामावर जायच्या वेळी एका गृहस्थांना गाडीने उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. गृहस्थ पन्नाशीचे, जन्मापासून अंध, एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर. पांढरी काठी घेऊन वर्षानुवर्षं तोच रस्ता ओलांडून बसथांब्यावर जायचे. मांडीचं हाड मोडलं होतं. जबाब घ्यायला रुग्णालयात मी स्वतः गेलो.

"गाडी येताना ऐकू आली नाही का?"

"आली ना साहेब. ऐकूनच निघालो. लांब होती, सावकाश येतेय असं वाटलं. वेग घेतला की गाडी ओरडते हो. ही ओरडलीच नाही."

"पुन्हा ऐकलीत तर ओळखाल?"

ते कसनुसं हसले. "गोष्टीतले आंधळे ओळखतात. मला नाही जमायचं. चारचौघींसारखाच आवाज होता, तिथेच तर फसलो."

मी लिहून घेतलं. अर्थ मात्र तेव्हा लागला नाही.

घटनास्थळी डाव्या आरशाचं करड्या रंगाचं फुटकं कव्हर मिळालं. शोरूमवाल्याने मॉडेल सांगितलं: टर्बो इंजिनाची छोटी गाडी. तशा गाड्या पुण्यात गल्लोगल्ली. चौकातल्या कॅमेऱ्यात गाडी दिसत होती, पण नंबर पुढच्या टेम्पोआड. आम्ही पेपरात आवाहन दिलं आणि फाईल इतर फायलींखाली जायला लागली.

मग एके दुपारी कोथरूडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी ठाण्यात आले. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात आमच्या आवाहनाचं कात्रण.

"तपास अधिकारी आपणच का? बसू, की उभ्यानेच सांगू?"

मी खुर्ची दिली.

"आमच्याकडे एक करडी गाडी आहे. तिच्या आवाजाविरुद्ध मी पोलिसांकडे बरेच अर्ज केले. ते आपल्या खात्याला ऐकू आले नाहीत. मध्यंतरी तिचा आवाज आपोआप बंद झाला. आता गाडीच बंद आहे. दर रविवारी तासन्‌तास धुतली जायची, ती हल्ली तळघरात कव्हर घालून असते. तळघरात ऊन लागतं का हो साहेब?"

त्याच संध्याकाळी आम्ही गेलो. कव्हर काढलं. डावा आरसा कोरा करकरीत, बॉनेटच्या कडेला पोचा. गाडीचा मालक तिशीच्या आतला, खराडीत सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. तो तोंड उघडणार एवढ्यात त्याचे वडील जिन्यावरून खाली आले. निवृत्त सरकारी कर्मचारी, बायपास झालेली, चालही सांभाळून.

"गाडी मी चालवत होतो," ते म्हणाले. "घाबरलो आणि निघून आलो. त्याला काही विचारू नका."

अनुभवी माणसाला असं वाक्य ऐकूनच कळतं. ते आदल्या रात्री पाठ केलेलं असतं. पण कळणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं. वडिलांकडे परवाना होता, गाडी घरचीच होती आणि मुलगा मान खाली घालून गप्प होता.

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी रॅम्पवर चढवली. ब्रेक वगैरे तपासून झाल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं.

"वरवर बघितलं तर कंपनीचा सायलेन्सर आहे. हा जोड बघा. डबा कापून आतलं सगळं बदललंय आणि पुन्हा वेल्डिंग करून रंग दिलाय. पुढचा पाइपही जाड घातलाय. कंपनीच्या गाडीपेक्षा ही कितीतरी जोरात पळत असणार. आवाज मात्र तेवढाच."

अंध गृहस्थांचं बोलणं मला तिथे, त्या रॅम्पखाली समजलं.

बापलेकांना मी एकत्रच बसवलं. नियमाने वेगळं बसवायचं असतं. त्या दिवशी तसं करावंसं वाटलं नाही.

"काका, गाडीचा आवाज पूर्वी मोठा होता म्हणे. मग कमी कसा झाला?"

"माझ्या ऑपरेशननंतर याने ते सगळं काढून टाकलं," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "मला धस्स व्हायचं ना. म्हणाला, बाबा, आता कंपनीचाच सायलेन्सर परत बसवला, ते फास्ट चालवण्याचं वेड संपलं."

मी मुलाकडे वळलो. "काम झकास झालंय. डोकं कुणाचं?"

अशा कामाची कुणीतरी तारीफ करावी म्हणून तो किती दिवस थांबला असेल, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"माझंच, सर. टर्बो स्वतःच बराचसा आवाज खातो. धुराचा फ्लो मोकळा ठेवायचा होता, पण आत बसल्यावर घूं घूं नको होतं. म्हणून बाजूला एक बंद नळी दिली, ती बरोबर तेवढीच घूं घूं दाबते. डबा जुनाच ठेवला. बाहेरून कुणाला कळू नये म्हणून शेवटची नळकांडीही मूळचीच..." बोटाने तो टेबलावर आकार काढत होता. मधेच त्याचं बोट थांबलं.

वडील त्याच्याकडे बघत होते.

"म्हणजे तू काढलं नव्हतंस?"

"बाबा, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणूनच..."

"वेड संपलं म्हणाला होतास."

बाहेर वायरलेसवर कुणीतरी कुणाला तरी ठिकाण विचारत होतं. मग वडिलांनी शर्टाची कॉलर सारखी केली, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तरी गाडी मीच चालवत होतो, साहेब. लिहून घ्या."

तेव्हा मुलगा रडला. मोठ्याने, लहान पोरासारखा. "मी होतो सर. बाबांनी ही गाडी कधी चालवलीच नाही."

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. पण धडकेच्या जरा आधी पेट्रोल कुठे भरलं ते त्याने सांगितलं. पंपाच्या कॅमेऱ्यात तो स्टिअरिंगवर एकटा स्पष्ट दिसत होता. दोषारोपपत्र गेलं, पुढे शिक्षाही झाली.

मधल्या काळात तो त्या गृहस्थांच्या घरी जाऊन पाया पडून आला. त्यांनी चहा दिला आणि एवढंच विचारलं, "थांबला का नाहीस रे? नुसती हाक मारली असतीस, तरी जवळ कुणी आहे एवढं मला कळलं असतं." हे मला त्या गृहस्थांनीच सांगितलं. आता कार्यालयातला एक सहकारी त्यांची ने-आण करतो. एकट्याने रस्ता ओलांडणं त्यांनी सोडलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारा माणूस घाबरलेला असतो, तो लवकर मोडतो. आपल्या माणसासाठी खोटं बोलणारा समाधानी असतो. त्याला मोडताना आपलीच दमछाक होते. आणि मुलगाही दुष्ट नव्हता. बापाची झोप त्याने खरोखरच सांभाळली होती. फक्त आवाज गेला म्हणजे धोका गेला, असं त्याने घरच्यांना वाटू दिलं, आणि हळूहळू त्याला स्वतःलाही तसंच वाटायला लागलं.

अटक केली की नातेवाइकाला कळवल्याची सही घ्यावी लागते. मुलाला अटक केली तेव्हा मी तो कागद वडिलांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला.

"साहेब, तुम्ही मलाच धरलं असतंत, तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

माझ्याकडे कायद्याचं उत्तर होतं. ते मी दिलं नाही. सही कुठे करायची, ते बोटाने दाखवलं.