दुखणं कुणी सांगायचं

डॉक्टरनं कागदाला लावलेली टाचणी काढली आणि न सांगता माझ्या उजव्या हाताच्या बोटात टोचली. मी खिडकीकडं बघत होते. हात हलला नाही. रक्ताचा थेंब आला, तो आधी शेजारी उभ्या आमच्या टोळीच्या मुकादमानं बघितला, मग मी.

"बघा, हिला काहीच दुखत नाही," डॉक्टर मुकादमाला म्हणाला. मुकादम हसला.

सहकारी साखर कारखान्याचा दवाखाना होता तो, आमच्याच बीड जिल्ह्यात, धरणाखालचा. घाटनांदूरकडं आमच्या गावात दुष्काळानं विहिरी कोरड्या, म्हणून मी आणि नवरा ऊस तोडायला आलेलो. तो तोडायचा, मी मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायचे. मानेतलं दुखणं हातात उतरलं. तोडणीवाल्यांचा रिवाज असा की दवाखान्यात मुकादमानं न्यायचं आणि मुकादमानंच बोलायचं. त्यानं सांगून टाकलं, कामाचा कंटाळा हाय, दुसरं काय.

डॉक्टरनं आडनाव विचारलं. आडनावावरून वस्ती कळली. मग त्यानं माझा हात हातात घेतला नाही. टाचणी तेवढी लावली.

मी माझं सांगायला गेले. मानेपासून करंगळीपर्यंत करंट जातो. कोपराखाली मिरच्या कुटल्यासारखा जाळ होतो. आणि बोटं मेलेली, निऱ्या हातात धरल्यात का सुटल्यात ते बघून कळतं. डॉक्टर म्हणाला, जाळ होतो की बधिर आहे, एक काय ते ठरव. मला दोन्ही एकदम होत होतं. राग यायला हवा होता. आला नाही. मी आतूनही तशीच बधिर झालेली.

त्यानं कागद लिहून मुकादमाला दिला. मी चौथी शिकलेली, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी वाचलं, तक्रार नाही. कामास योग्य. म्हणजे दुपारपासून परत मोळी.

मुकादम उजव्या हाताची बोटं धरून ओढायला लागला. तो ओढतोय हे मला दिसलं. कळलं नाही. माझ्या दुखण्यावर बोलणारे दोघं, आणि दुखणारी मी एकटी. मी स्टुलावरून उठले नाही.

"डॉक्टरसाहेब, मी बोलले ते लिवा. करंट जातो लिवा. जाळ होतो लिवा. बोटं मेलीत, हेबी लिवा."

"बाहेर जा."

"लिवल्याबिगर न्हाई उठनार."

नवरा-बायकोच्या जोडीला आमच्यात कोयता म्हणतात. मुकादमानं बाहेर थांबलेल्या नवऱ्याला आत बोलावून सांगितलं, तुमचा कोयता आजपासून बंद. नवरा माझ्या बोटावरच्या रक्ताकडं बघत उभा राहिला. चल म्हणाला नाही. बाहेर रांग खोळंबली, तेव्हा डॉक्टरनं मुकादमाकडचा कागद ओढला आणि माझं बोलणं लिहिलं. मी वाचून बघितलं. करंगळी राहिली होती, ती लिहायला लावली.

हात बरा झाला नाही. मोळी परत उचलली नाही. कोयता गेला तो गेला.

आता वस्तीतल्या कुठल्याही तोडणीवाल्या बाईला दवाखान्यात जायचं असलं की मी बरोबर जाते. मुकादम असो नाहीतर नवरा, त्याला दाराबाहेर उभा करते. आत बाई बोलते. तिचे शब्द कागदावर आल्याशिवाय आम्ही दोघी उठत नाही.