जावयाचा डबा

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको हिर्डोशीला होती. तिथं तिला हिवतापानं गाठलं आणि अंगावरचं दूध आटलं, असा निरोप भोरला आला. संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झालेली; मी कचेरीत नवा कारकून, म्हणजे जगातलं सगळं कळणारा. पुण्याहून दुधाच्या पुडीचा डबा मागवला, एस.टी. गेली तिथवर गेलो आणि पुढं डबा मिरवत चालत सासरवाडी गाठली.

"शेळीबिळीचं दूध पाजायचं नाही," मी ओसरीवरूनच फर्मावलं. "साहेबांची पोरं ह्याच्यावर वाढतात."

सासूबाई दाराआड होत्या. आमच्याकडं तेव्हा सासू जावयाशी समोर येऊन बोलत नसे. आत नुसत्या बांगड्या वाजल्या. तो होकार, असं मी धरून चाललो.

पोरगी महिन्याची. बोंडल्यानं पाजलेलं सगळं उलटून टाकी. मी पूड कधी जास्त घाली, कधी कमी. डब्यावरचं इंग्रजी मला कळतं असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही. तिचं रडणं बारीक होत चाललं.

एका सकाळी दाट धुकं होतं. चहापुरतं दूध द्यायला वरच्या वाडीची धनगरीण शेळी घेऊन आली. "दाजी, जरा धरा हिला, पाला आनते," म्हणाली. गारठ्यानं मी तिनं काढून ठेवलेली घोंगडी डोक्यावरून घेतली आणि शेळीपाशी उकिडवा बसलो. मागून सासूबाई आल्या.

"बाई, आजपास्नं वाटीभर जास्तीचं दे. पोरीला पाजते. जावयास्नी कळू देऊ नगं. मानाचा मानूस, तोंडावर कसं सांगू? पन त्यांच्या डब्यापायी लेकरू हातचं जायचं."

मी घोंगडीतून मान हलवली. शेळीनंही हलवली.

पाणी घालून उकळलेलं ते दूध पोरीला सोसलं. काही दिवसांत तिनं असं भोकाड पसरलं की आळी जागी झाली. तसं गोड भोकाड मी पुन्हा ऐकलं नाही. मी मात्र ओसरीवरून रोज विचारायचो, "डबा मानवला ना?" बांगड्या वाजत. पूड मी गुपचूप चहातून संपवली.

दुसऱ्या बाळंतपणाला गेलो, तेव्हा थोरली चांगली बोलती झाली होती. दाराआडून सासूबाई तिला सांगत होत्या, मला ऐकू येईल अशा बेतानं:

"बाबास्नी म्हनावं, डबा आनला असंल तर चहाला ऱ्हाऊ द्या. आनि सकाळचा गारठा लई असतो. घोंगडी खुंटीवर हाय."