डाव्या कानाच्या चिरा

आमच्या धनगरांत मेंढीचा मालक तिच्या कानावरून ओळखतात. प्रत्येक घराची कान चिरायची तऱ्हा वेगळी. मुलींना मात्र खूण नसते, कारण त्यांच्या मालकीच्या मेंढ्याच नसतात. त्यात मी शहरात, क्रांती चौकाजवळच्या ऑफिसात फायली हलवणारी. मला कुठली खूण!

माझ्या वडिलांचं, आबांचं, पोट फुगायला लागलं तेव्हा मी त्यांना सोयगावहून इथं आणलं. दुर्बिणीतून आतड्यात गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरची दिसते, काढून तपासू. ऑपरेशनला आठवडा होता. पण आबांना धीर कुठला? मला न सांगता पहिल्या एसटीनं गावी गेले आणि दोन दिवसांत सगळा कळप वाटून मोकळे झाले. उजव्या कानाला त्यांची जुनी चीर होतीच, डाव्या कानाला वाटेकऱ्याची नवी केली. माझ्या दोन्ही भावांना एकेक खूण मिळाली. माझ्यासाठीही त्यांनी एक काढली, टोकाला दोन बारीक चिरा. ऐकून मी आधी चिडले, मग ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

ऑपरेशन झालं, रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हताच. आतड्याच्या भिंतीत नसांचं जाळं असतं म्हणे, तेच वाढून गाठीसारखं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हे मी आजवर फक्त पुस्तकात वाचलं होतं.

"म्हंजी नसाच माजल्या व्हय?" आबांनी विचारलं. डॉक्टर हसत हो म्हणाले.

आम्ही पेढे वाटले, पण आबांचं तोंड उतरलेलंच. जीव वाचला आणि कळप गेला. मेंढ्यांवाचून हा माणूस किती दिवस काढेल, याचीच मला धास्ती. भाऊ म्हणाले, परत घ्या. आबा म्हणाले, चिरलेला कान कुणी शिवला का? बरे झाल्यावर ते आमच्याच मेंढ्या राखायला नेऊ लागले आणि मालकाला विचारावं तसं आम्हाला विचारू लागले. लोकर कातरू का, कुठल्या रानात नेऊ. आमच्या नाकी नऊ आले.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला. "तुझी मेंढी व्याली, माय. कोकराला तुझी खूण करू का?"

"नको. फक्त उजव्या कानाला तुमची चीर द्या. ते तुमचं."

त्यांनी आधी मेंढ्यांना हाळी दिली. मग आबा म्हणाले, "म्हंजी मला अजून जगावं लागंल व्हय?"

"लागंल," मी म्हणाले.