शुक्री धवलेरीच्या घरचं नवं भात

कासा गावाच्या पलीकडच्या आमच्या पाड्यात शुक्री गायली नाही तर लग्न लागत नाही. ती धवलेरी. आमच्या वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो, ही बाई असते. भिंतीवर रंगवलेल्या लग्नाच्या चौकासमोर बसून देवीची गाणी म्हणते आणि जोडी लावते. तिचा रुबाब तर विचारूच नका. नवरदेव उशिरा आला म्हणून तिने एकदा सारा मांडव ताटकळत ठेवला होता. मी इथली अंगणवाडीताई. माझे केस पांढरे झाले तरी ती मला "ए पोरी" म्हणूनच हाक मारते. मला राग येतो, पण मी ओ देते.

देवाच्या बाबतीत तर तिच्याशी वाद घालायची सोयच नाही. कणसरी ही आमची धान्याची देवी. शुक्रीच्या घरचा नेम असा, की कणसरीला दाखवायचं नवं भात घरच्याच माणसाने कांडायचं. बाहेरच्याने कांडलं तर देवी ते खात नाही, आणि वर्षभर घरात आजारपण शिरतं.

तिची धाकटी लेक रूपी डहाणूकडे चिकूच्या वाडीत कामाला जायची. तिथे तिला तलासरीकडची संगीता भेटली. भातलावणीला मदत म्हणून संगीता घरी आली ती राहिलीच. लावणी झाली, कापणी झाली. शुक्रीला ती पोर इतकी पसंत पडली, की दिवाळीत नव्या भाताच्या दिवशी आपला हात दुखतोय म्हणून तिने मुसळ संगीताच्या हाती दिलं. "घरचीच हाय," म्हणाली. दोघी समोरासमोर उभ्या राहून कांडत होत्या. रूपीचा चेहरा पाहिला आणि मला काय ते कळलं. साऱ्या तालुक्याच्या जोड्या लावणाऱ्या शुक्रीला मात्र कळलं नाही.

उन्हाळ्यात रूपीसाठी रघ्याचं स्थळ आलं. कंपनीत नोकरी, नवी मोटरसायकल. शुक्री आणि तिचा नवरा लहान्या दोघंही खूश. रविवारी पाहुणे ताडी घेऊन येणार आणि ताडी प्यायली की शब्द पक्का. त्या सकाळी रूपी मला बोलवायला आली. आईपुढे एकटीने उभं राहायचं तिला धाडस होत नव्हतं.

"आये, मला रघ्या नको," ती चुलीपाशी उभी राहून म्हणाली. "मला संगीतासंगं राहायचंय. बाप्या-बायको राहतात तसं."

आता झाडू उठणार, असं मला वाटलं. पण त्याआधी रूपीच कोसळली. तिची भीती वेगळीच होती.

"मी कणसरीला फसवलं, आये. तू तिला लेकीसारखी घरची म्हणालीस, आमचं नातं तुला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. मी गप राहिले आणि तिला कांडू दिलं. भगत सांगल तो दंड देते. पण तिला हाकलू नको."

म्हणजे ही पोर दिवाळीपासून देवीच्या भीतीने आतल्या आत जळत होती. मला असा संताप आला. पण कुणावर काढू? देवीवर काढता येत नाही. मागच्या अंगणात संगीता आपले कपडे पिशवीत भरत होती.

शुक्री उठली. कणगीपाशी गेली, आत हात घालून भात चाचपलं.

"यंदा घरात कोण आजारी पडलं?" तिने लहान्याला विचारलं.

"कोण नाय."

"भात पुरलं?"

"उरलंय की."

ती कणगीला टेकून बसली आणि म्हणाली, "मुसळ मी दिलं तिच्या हातात, तू नाय. आणि कणसरीनं खाल्लं. देवीला ती घरची वाटली, तर मी तिला बाहेरची कशी म्हणू?"

तिला हे गोड लागलं असं मी म्हणणार नाही. तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं होतं. पण देवी आपल्या सोयीपुरती मानणारी ती बाई नव्हे. माझा जीव भांड्यात पडला.

"मंग ती आपली सून का जावई?" लहान्याने विचारलं.

"चिखलात उतरून भात लावते ना? मंग गप बस."

पाहुणे आले. शुक्रीने त्यांना पोटभर जेवू घातलं आणि रूपीचं ठरलंय म्हणून सरळ सांगून टाकलं. ते ताडीचा कॅन घेऊन परत निघाले. लहान्या त्या कॅनकडे दिसेनासा होईपर्यंत बघत होता.

संगीता अजून पिशवी घेऊन दारातच होती. "मावशी, पण आमचं लगीन तं लागलं नाय," ती म्हणाली.

"पैका जमून माझं लगीन लागलं तवा ही रूपी मांडवात पळत होती," शुक्री म्हणाली. "तंवर मी काय या घरची नव्हते?"