शेवटचे सहा आकडे

ऑफिसात तिला पाठीमागे 'ठिणगी' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पाळीव प्राण्यांच्या नोंदणी कचेरीत डेटाबेस सांभाळायचं काम तिचं. कुणी आकड्यांशी खेळ केला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शहरातल्या प्रत्येक पाळीव कुत्र्याच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिचा नंबर पंधरा आकडी. एकाचा नंबर दुसऱ्याला कधीच नसतो. तेवढ्यासाठीच तर तो असतो! पण कुत्री पकडणाऱ्या गाड्यांतल्या जुनाट यंत्रांत सगळ्या नोंदी मावेनात. तेव्हा साहेबांनी अक्कल पाजळली.

"सगळ्या नंबरांची सुरुवात सारखीच दिसते. शेवटचे सहा आकडे ठेव, बाकीचे उडव."

"साहेब, कापायची गरजच नाही. आपण नंबर अक्षरांसारखा लिहून ठेवलाय, म्हणून मेमरीतली पंधरा घरं अडतात. आकडा म्हणून साठवला तर आठ घरांत अख्खा बसतो."

"त्याला गाड्यांतला प्रोग्रॅम बदलावा लागेल. तपासणी तोंडावर आलीये."

"आणि दोन कुत्र्यांचे शेवटचे सहा सारखे निघाले तर?"

"तुला भांडायला काहीतरी लागतंच."

ती भांडली. कडाकडा भांडली. आणि शेवटी, हेच तर डोक्यात जातं, "घ्या, कापते!" म्हणत रागाच्या भरात तिनंच तो हुकूम टाइप केला. आपण ओरडलो म्हणजे आपण अडवलं, असं रागीट माणसाला उगाच वाटत असतं. संध्याकाळी घरी जाऊन ती वडिलांपुढे साहेबांच्या नावानं बोटं मोडत बसली.

वडील रिटायर झालेले बसड्रायव्हर. तिची आई गेल्यापासून त्यांचं बोलणं आटलं होतं. जे उरलं ते कुत्र्याशी. कुत्राही म्हातारा, एका डोळ्यानं अधू. "लेका, चल." "लेका, जेव." सख्ख्या लेकीला हेवा वाटावा इतकं. एके दिवशी गॅसवाल्यानं फाटक उघडं टाकलं आणि कुत्रा निघून गेला.

वडिलांनी तिला ऑफिसात फोन केला. तिनं त्यांच्या नावानं शोधलं. "सापडल्याची नोंद नाही, बाबा." रोज फोन, रोज तेच उत्तर. आणि तो त्याच इमारतीत, खाली मागच्या पिंजऱ्यात होता! जिना उतरून बघायचं तिला एकदाही सुचलं नाही. स्क्रीनवर नाही म्हणजे नाही.

गाडीवाल्यानं चिप वाचली, तेव्हा यंत्रानं शेवटचे सहा आकडे जुळवून भलत्याच माणसाचं नाव दाखवलं होतं. त्याचंही कुत्रं हरवलेलं, आणि त्याला ते परत नकोच होतं. "म्हातारं झालंय. काय करायचं ते करा," फोनवर म्हणाला तो हलकट. मालकानं टाकलेल्या म्हाताऱ्या, अधू जनावराला मरणाचं इंजेक्शन द्यायचं, असा नियम होता. दिलं.

फोनवरच्या उत्तरानं समाधान होईना, म्हणून वडील एकदा स्वतःच आले. खाली पिंजऱ्यांपाशी खुंटीवर रिकामे पट्टे लटकत होते. त्यातला एक त्यांनी स्वतःच्या हातानं शिवलेला होता.

ते वर येईपर्यंत खालच्या कारकुनाचा फोन आला होता, आणि अख्खा नंबर जुन्या प्रतीतून काढून तिनं सगळं पाहिलं होतं. साहेब खुर्चीतून उठले.

"काका, लाखात एखाद्या वेळी असं व्हायचंच..."

"तुम्ही गप्प बसा!" ती किंचाळली. मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, सांगितलं ह्यांनी, पण चिपचे नंबर कापले मी. माझ्या हातानं. ओरडा माझ्यावर!"

वडील ओरडले नाहीत.

"का कापले?"

"जागा... जागा वाचवायला."

त्यांनी हातातला पट्टा तिच्या कीबोर्डवर आपटला.

"हा मावतो का बघ," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.